दोन सागवानी खुर्च्या, नवार आणि आईचे इरकली लुगडे : लालबागच्या चाळीतील कामाच्या नोंदी

आजोबांनी घेतलेल्या हातांच्या दोन सागवानी खुर्च्या आमच्या लालबागच्या खोलीत साठेक वर्षे आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्यावर माणसे कमी आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्याच अधिक बसल्या. फर्निचरची डागडुजी करणाऱ्या एकाने पॉलिश आणि वेताची वीण धरून दोन्हींचे साडेसात हजार रुपये सांगितले, तेव्हा हे काम घरीच करून पाहावे असे ठरले. कामाला माणसे चार : मी, पत्नी, सहावीत जाणारी मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. हत्यारे म्हणजे हातोडी, पक्कड, दोन पटाश्या, शेजाऱ्यांकडून उसने आणलेले ड्रिल आणि आईचे हाताने फिरवायचे शिलाई मशीन. चाळीतल्या एका खोलीत हेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून काय बिघडले ते मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

१ मे २०२५, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे सकाळीच सुरुवात केली. बैठकीवरचे फाटके रेक्झिन काढताना पहिल्या खुर्चीतून एकशे बारा खिळे निघाले. रेक्झिनखाली भुगा झालेला स्पंज, त्याखाली काथ्या, त्याखाली गोणपाट आणि सर्वांत खाली बैठकीच्या चौकटीच्या आतल्या कडेने ओळीत पाडलेली बारीक भोके. समोरच्या बाजूची भोके मुलीने मोजली, ती एकतीस भरली. आई म्हणाली, “अरे, या वेताच्याच होत्या. तुझ्या जन्माआधी वेत तुटला, तेव्हा वर रेक्झिन मारून घेतले.” चाळीस वर्षे मी या खुर्च्या रेक्झिनच्याच समजत होतो.

दोन खुर्च्या मोकळ्या करायला साडेचार तास लागले. खिळे उपटताना पक्कड थेट लाकडावर टेकवल्यामुळे पुढच्या पट्टीवर तीन खोल वण पडले. पक्कडीखाली पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायला हवा होता. दुसऱ्या खुर्चीला तो ठेवला आणि तिच्यावर एकही वण नाही.

वेत पुन्हा विणावा का, याचा विचार झाला. उभे दोन पदर, आडवे दोन पदर, मग दोन्ही दिशांचे तिरके पदर आणि शेवटी कडेची पट्टी, अशा सात फेऱ्यांनी ती अष्टकोनी भोकांची जाळी तयार होते आणि वेत प्रत्येक वेळी भिजवून, चकचकीत बाजू वर ठेवून ओवावा लागतो. पूर्वी सरकारी कचेऱ्यांतील खुर्च्या अंध कारागीर केवळ बोटांच्या अंदाजाने विणत असत. आमच्याकडे तेवढा सराव नाही आणि तेवढा धीरही नाही. आईने पलंगाच्या नवारीची, म्हणजे जाड सुती पट्टीची, आठवण काढली. नवार विणणे तिला येत होते, म्हणून नवार ठरली.

३ आणि ४ मे, शनिवार-रविवार

या दोन दिवसांची चूक सर्वांत मोठी असल्यामुळे ती आधी लिहितो. खुर्च्यांच्या पायांवर आणि हातांवर ऐंशीच्या दशकात कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने तपकिरी ऑइल पेंट मारलेला होता. तो काढण्यासाठी ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन मी खुर्ची गॅलरीत ठेवली आणि कोरडेच घासू लागलो. मे महिना असल्याने चाळीच्या गॅलरीभर वाळवण पसरलेले होते. तासाभरात तपकिरी धूळ वाऱ्याने शेजारच्या काकूंच्या उडदाच्या पापडांवर जाऊन बसली. काकू रागावल्या आणि ते योग्यच होते.

पापड झटकून चालणार नव्हते, कारण जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचे बंधन केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घातले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आमचा रंग त्याच्या तीस वर्षे आधीचा. अशा रंगाची कोरडी धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे फार वाईट, आणि ही गोष्ट ठाऊक असूनही मुलगी समोर बसलेली असताना मी घासत होतो. सर्व पापड फेकून दिले आणि काकूंना साडेचारशे रुपये दिले. त्या घेत नव्हत्या, म्हणून आईने ते त्यांच्या डब्यात ठेवले.

दुपारनंतर पद्धत बदलली. गॅलरीऐवजी खोलीच्या दाराशी प्लॅस्टिकचा कागद अंथरला, रंग काढण्याचा द्रव ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटे थांबलो आणि मऊ झालेला रंग बोथट पत्र्याने खरवडून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला. उरलेल्या खुणा पाणी लावून वॉटर पेपरने घासल्या, म्हणजे धूळ उडण्याऐवजी चिखल होतो आणि तो ओल्या फडक्याने टिपता येतो. हातात रबरी मोजे आणि तोंडावर मास्क होता. खुर्च्या कोरड्या होईपर्यंत मुलीला मावशीकडे पाठवले.

६ मे, मंगळवार

कोणी तरी सुचवले की रंगारी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने रंग झटकन काढतात. बैठकीच्या पट्टीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला वीतभर जागेत करून पाहिले. रंग निघाला खरा, पण सागवान काळसर झाले आणि व्हिनेगरने पुसूनही मूळ रंगावर आले नाही. सागासारख्या लाकडावर हा उपाय करू नये. न दिसणाऱ्या जागी आधी करून पाहिले, एवढेच शहाणपण.

उरलेला आठवडा रोज संध्याकाळी दीड-दोन तास खरवडण्यातच गेला.

१० मे, शनिवार

रंग निघाल्यावर खरे दुखणे दिसले. पहिल्या खुर्चीचे दोन्ही मागचे पाय डुलत होते, म्हणजे आडव्या पट्टीचे टोक पायाच्या खाचेत सैल झाले होते. मी सर्वांना सुचेल तोच उपाय केला : फटीत फेविकॉल ओतला, दोरीने आवळले आणि रात्रभर ठेवले.

११ मे, रविवार

सकाळी दोरी सोडली, खुर्चीवर बसलो आणि पाय पूर्वीइतकाच डुलला. खाली कोपऱ्यावर राहणारे एक निवृत्त सुतारकाका पाहायला आले होते. त्यांनी सांध्याला बोट लावून विचारले, “जुना सरस काढलात का?” मी नाही म्हटल्यावर ते काही न बोलता चहा पिऊ लागले.

कारण असे की त्या काळी सांधे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवत. वाळून भुसभुशीत झालेल्या सरसाच्या थरावर नवा गोंद लाकडाला पोचतच नाही, तो जुन्या सरसाला चिकटतो आणि दोन्ही एकत्र सुटतात. सांधा पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. सरस गरम पाण्याने मऊ होतो, म्हणून कढत पाण्यात पिळलेले फडके प्रत्येक सांध्याभोवती दहा-दहा मिनिटे गुंडाळले आणि लाकडी मोगरीने, मध्ये पुठ्ठा धरून, हलके ठोके दिले. तीन सांधे उघडले. चौथ्यात माझा कालचा फेविकॉल घट्ट बसला होता आणि तो सोडवताना पट्टीच्या टोकाचा टवका उडाला. म्हणजे काल काहीच केले नसते, तर आजचे काम सोपे झाले असते.

खाचा आणि टोके पटाशीने खरवडून कोरी केली. सागात अंगचे तेल असते, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून टोके स्पिरिटने पुसून लगेच फेविकॉल लावला. उडालेला टवका जागेवर चिकटवला आणि सैल खाचेत सागाची पातळ चीप बसवली. शिकंजे, म्हणजे क्लॅम्प, दोनच होते (तीनशे साठ रुपयांत), सांधे चार. उरलेल्यांसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या ताणून गुंडाळल्या आणि आडवी-उभी दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ दिला. पीळ देण्यापूर्वी चारही पाय फरशीवर टेकले आहेत ना, हे पाहणे फार आवश्यक आहे, कारण गोंद वाळल्यावर लंगडी खुर्ची सरळ होत नाही. आमची फरशीच एका कोपऱ्यात उतरती आहे, हे तेव्हा लक्षात आले. शेवटी खुर्ची कपाटाच्या सपाट दारावर ठेवून पीळ दिला आणि दोन दिवस हात लावला नाही.

१८ मे, रविवार

दुसऱ्या खुर्चीचे सांधे गेल्या शनिवारचा धडा आठवून आधीच उघडले होते. आठवड्यात त्यांचे काम झाले.

आज पहिल्या खुर्चीला लाखेचे पॉलिश. एक लिटर स्पिरिटमध्ये अडीचशे ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापुद्र्या) दोन दिवस भिजवून, अधूनमधून हलवून, मलमलीतून गाळला. लाकूड १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने, रेषांच्या दिशेनेच, घासून घेतले. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळून त्याने पातळ हात द्यायचा, वीस-पंचवीस मिनिटे वाळू द्यायचा आणि पुन्हा द्यायचा. असे सात हात दिले. मुलगी परत आली होती. तिने पायांचे खालचे भाग केले आणि ते माझ्या हातांपेक्षा एकसारखे आले, कारण ती बोळा एकाच जागी पुन्हापुन्हा फिरवत नव्हती. पॉलिश ओले असताना त्याच जागी परत गेले की खालचा थर विरघळतो आणि डाग पडतो. खुर्चीच्या उजव्या हाताच्या दांडीवर मी पाडलेले असे दोन डाग आहेत.

स्पिरिट पेटणारे असते आणि एका खोलीच्या घरात गॅसची शेगडी व देव्हाऱ्यातले निरांजन बोळ्यापासून सहा फुटांवर असतात. आईने दिवसभराचा स्वयंपाक सकाळी सातलाच उरकला आणि निरांजन संध्याकाळी खिडक्या तासभर उघड्या ठेवल्यानंतर लावले.

२५ आणि २६ मे, रविवार-सोमवार

दुसऱ्या खुर्चीचे पॉलिश रविवारी करायचे ठरले. आठवडाभर वळवाच्या सरी येत होत्या, पण मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून, तेव्हा अजून पंधरवडा हातात आहे, असा माझा हिशेब होता. हवा चिकट होती. तरीही पाच हात दिले.

सोमवारी, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. सकाळपासून धुवाधार पाऊस होता, दादरच्या सखल हिंदमाता भागात पाणी भरले आणि मी भिजत घरी आलो, तेव्हा खुर्चीच्या हातांवर आणि पाठीच्या वरच्या पट्टीवर दुधाळ पांढरी साय धरलेली होती. पुसून निघेना. पत्नीने शांतपणे विचारले, “अहो, पहिल्या खुर्चीसारखी ही का नाही झाली?” बोळा तोच, चपडा तोच आणि हातही तोच होता. हवेतल्या दमटपणाचाच काय तो फरक होता.

होते असे की स्पिरिट झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील पाणी त्यावर धरते, आणि पाण्यात न विरघळणारी लाख त्या पाण्याच्या सूक्ष्म कणांसह वाळते. तेच पांढरे दिसते. त्यावर आणखी हात दिले की पांढरेपणा आत कोंडला जातो. मी घाईने एक हात दिलाच आणि तो पुढे काढावा लागला.

३१ मे, शनिवार

पाऊस ओसरला आहे. आज फक्त खरेदी. नवार मसजिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटवर दोन इंची सुती मिळाली, अठरा रुपये मीटर, वीस मीटर घेतली. नायलॉनची पट्टी स्वस्त होती, पण चुका (बारीक खिळे) मारताना ती उसवते, असे दुकानदारानेच सांगितले. नवारीचे वेटोळे आणि फोमची गुंडाळी घेऊन मसजिद ते करी रोड हा प्रवास लोकलने दुपारी दीडच्या सुमारास केला. संध्याकाळी पाचनंतर असे सामान घेऊन डब्यात चढण्याचा विचारही करू नये.

१ जून, रविवार

कोरडी हवा आणि ऊन. खुर्चीवर टेबलफॅन दोन तास लावला, मग बोळ्याला स्पिरिटचा अगदी ओलसर स्पर्श देऊन, थेंब न गळता, पांढऱ्या भागावरून एकेक लांब हात फिरवला. स्पिरिटने वरचा थर क्षणभर मऊ होतो, कोंडलेले पाणी निघून जाते आणि थर पुन्हा पारदर्शक वाळतो. हातांवरचा पांढरेपणा दोन खेपांत गेला. पाठीच्या पट्टीवर मी सोमवारी घाईने हात दिला होता, तिथे मात्र ३२० च्या पेपरने थर उतरवून पुन्हा चार हात द्यावे लागले. त्यासाठी अर्धा लिटर स्पिरिट अधिक आणि पाच तास गेले. पावसाळ्यात लाखेचे काम करायचे असेल तर सकाळी अकरा ते तीन या वेळात, कोरड्या दिवशी आणि पातळ हातांनीच करावे. पाऊस चालू असेल तर हात लावू नये.

८ जून, रविवार

नवार बसवली. बैठकीचे माप समोर १९ इंच, मागे १७ इंच आणि खोली साडेसतरा इंच आहे. एका खुर्चीला उभ्या सात आणि आडव्या सात पट्ट्या, प्रत्येकी सुमारे तेवीस इंचांच्या, म्हणजे सव्वाआठ मीटर नवार लागते. आधी उभ्या पट्ट्या मारायच्या आणि मग आडवी प्रत्येक पट्टी एकीवरून व एकीखालून ओवून मारायची. तिसऱ्या आणि चौथ्या आडव्या पट्ट्या मी एकसारख्याच ओवल्या होत्या. मुलीने ते पाहिले, पण मी पाचवी मारून झाल्यावर सांगितले, कारण तिला वाटले बाबा मुद्दाम तसे करत असतील.

चुका चौकटीच्या वरच्या अंगाला, वेताच्या जुन्या भोकांच्या बाहेरच्या बाजूला मारल्या, म्हणजे त्या उशीखाली झाकल्या जातात. नवारीचे टोक दुमडून दुहेरी करायचे आणि त्यात पाच चुका, एका रेषेत न मारता खालीवर मारायच्या. एकाच रेषेत मारल्यामुळे आणि आधी ड्रिलने बारीक भोक न पाडल्यामुळे दुसऱ्या खुर्चीची पुढची पट्टी चार इंच चिरली. चिरेत फेविकॉल भरून शिकंज्यात रात्रभर आवळली आणि उरलेली सर्व भोके दीड मिलिमीटरच्या बिटने आधी पाडून घेतली. हातोडी निसटल्याने नव्या पॉलिशवर दोन ठिकाणी टवके गेले. कडेला जाड फडके बांधून ठेवले असते तर ते वाचले असते.

आईने पहिली खुर्ची दाबून पाहिली आणि म्हणाली, “सैल आहे. थाप मारली की डग्ग्यासारखी वाजली पाहिजे.” मी म्हटले, वापरात घट्ट बसेल.

१५ जून, रविवार

वापरात अधिक सैल झाली. आठवडाभरात बैठक दीड इंच खाली गेली, कारण सुती नवार वजनाने लांबते. पलंगाला ती पुन्हा आवळता येते, पण इथे टोके चुकांनी मारलेली. पहिल्या खुर्चीच्या चौदाही पट्ट्यांची एकेक बाजू उघडली.

या वेळी ताणण्यासाठी एक साधन केले. चार इंच रुंदीच्या फळीच्या तुकड्याच्या एका कडेला खडबडीत पॉलिश पेपर चिकटवला. नवार त्या तुकड्याभोवती एक वळसा घेऊन धरायची, तुकड्याची दुसरी कड चौकटीला टेकवायची आणि तुकडा खाली दाबायचा. हाताने ओढून जेवढा ताण येतो, त्याच्या दुपटीने सहज येतो. दाबण्याचे काम पत्नीने केले आणि चुका मी मारल्या. एकट्याने हे होत नाही. दुसऱ्या खुर्चीला याच पद्धतीने नवार मारली. दोन्ही खुर्च्या आता वाजतात. आईने थाप मारून पाहिली आणि काही बोलली नाही, हीच पसंती समजलो.

उद्यापासून शाळा, त्यामुळे पुढची कामे फक्त रविवारी.

२२ आणि २९ जून

उशांच्या खोळी. वर्तमानपत्रावर बैठकीचा नमुना कापून तो चौकटीवर ठेवून पाहिला. दोन खुर्च्या सारख्याच दिसत असल्या तरी दुसरीची मागची बाजू पाव इंचाने लहान निघाली, म्हणून नमुने दोन केले आणि त्यांवर ‘पुढे’, ‘मागे’ लिहिले. फोम दोन इंच जाडीचा घेतला होता. गादीवाल्याने तो नमुन्याप्रमाणे कापून दिला. खोळीचे आतील माप फोमपेक्षा अर्धा इंच कमी ठेवायचे, म्हणजे उशी फुगीर राहते आणि कड सुरकुतत नाही.

वरचे कापड म्हणून आईने तिचे विटलेले इरकली लुगडे दिले. काठ अजून लालभडक आहे, अंग मात्र इतके मऊ झाले होते की हातात धरल्यावर पलीकडचे दिसावे. मशीन आईचेच आणि शिवणारा मी, पहिल्यांदाच. खोळ शिवून फोम भरला, मुलगी बसली आणि शिवणीला लागून कापड चर्रकन विरले. टीप शाबूत होती आणि तिच्या शेजारचे सूत गेले होते. जुने सूत शिवणीचा ताण सोसत नाही, हे कापण्यापूर्वी दोन्ही हातांनी ओढून पाहायला हवे होते. दीड हात काठ वाया गेला, त्याचे आईपेक्षा मलाच अधिक वाईट वाटले.

६ जुलै, आषाढी एकादशी

आईने मार्ग सांगितला, तो गोधडीचा. खाली नवा मांजरपाट, मध्ये जुन्या धोतराचा एक पदर आणि वर लुगडे, असे तीन थर मांडून सर्वत्र धावदोरा घालायचा, म्हणजे ताण मांजरपाटावर येतो आणि लुगडे केवळ दर्शनी राहते. थर सरकू नयेत म्हणून आधी मोठ्या टाक्यांनी मधोमध उभा-आडवा कच्चा दोरा घातला. मधून सुरुवात करून कडेकडे जायचे. मुलीने पहिली ओळ कडेपासून सुरू केली होती, तेव्हा मध्यभागी कापडाचा फुगा आला आणि ती ओळ उसवावी लागली.

उपवासाचा दिवस असल्याने स्वयंपाकघर लवकर मोकळे झाले आणि तिघी व मी असे चौघे एकाच कापडाभोवती बसलो. ओळींमध्ये बोटभर अंतर ठरले होते, पण बोटे चौघांची चार. खोळ जवळून पाहिली तर कोणी कुठे बसले होते ते सांगता येते. आईचे टाके तांदळाएवढे, माझे शेंगदाण्याएवढे. एका खोळीच्या वरच्या बाजूला साडेपाच तास लागले.

तीन थरांना १४ नंबरची सुई दोनदा मोडली. १६ नंबरची लावल्यावर अडचण आली नाही. चेन मागच्या पट्टीत बसवली. ती बसवताना मशीनचा, सुईखाली कापड दाबून धरणारा दाबपट्टा चेनच्या दातांवर चढतो, म्हणून आधी हाताने टाचून घेणे बरे.

१३ जुलै, रविवार

दुसरी खोळ पुरी झाली. पहिलीवर कोकमाचे सरबत सांडले, म्हणून ती धुतली आणि वाळल्यावर ती फोमवर चढेना. नवा मांजरपाट न धुता वापरला होता, तो पाऊण इंच आटला. लुगडे जन्मभर धुतलेले असल्याने जसेच्या तसे राहिले आणि मध्ये चोळामोळा झाला. खालची बाजू व कडेची पट्टी उसवून नव्या मांजरपाटाची केली. तो आधी रात्रभर भिजवून, वाळवून आणि इस्त्री करून घेतला. वरच्या गोधडीला हात लावला नाही, तिच्यावरच्या सुरकुत्या गोधडीला शोभतात, असे सर्वांनी ठरवले. दुसरी खोळ न धुताच भिजवून वाळवली आणि तीही तशीच दुरुस्त केली.

२० जुलै, रविवार

खर्चाचा हिशेब : रंग काढण्याचा द्रव आणि पॉलिश पेपर ६२०, चपडा व स्पिरिट ५२५, फेविकॉल व शिकंजे ५१०, नवार, चुका व ड्रिलची बिट्स ५१०, फोम ५६०, मांजरपाट दोन खेपांत ४५०, चेन, दोरा व सुया १४०, मोजे व मास्क १२०, एकूण ३,४३५ रुपये. पापडांचे ४५० धरल्यास ३,८८५. वेळेची नोंद पत्नीने दिनदर्शिकेवर ठेवली होती. ती चौघांची मिळून शहाण्णव तासांची आहे आणि त्यांतले जवळजवळ तीस तास केलेले काम उसवण्यात व पुन्हा करण्यात गेले. डागडुजीवाल्याचे साडेसात हजार महाग नव्हते, असे आता माझे मत आहे.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

गणपतीत घरी येणाऱ्यांनी खुर्च्यांचा चांगला वापर केला. नवार पाव इंचाहून अधिक उतरलेली नाही. एका पाहुण्यांनी गरम चहाचा पेला थेट खुर्चीच्या हातावर ठेवल्यामुळे लाखेवर पांढरे वर्तुळ उमटले. ते स्पिरिटच्या एका हाताने गेले, पण आता दोन्ही खुर्च्यांच्या हातांवर पत्नीने विणलेले रुमाल आले आहेत, आणि आपण घासून काढलेले लाकूड रुमालाखाली झाकले गेले म्हणून मुलगी नाराज आहे.

पहिल्या खुर्चीचा डावा मागचा सांधा, ज्यात मी १० मेला वरून फेविकॉल ओतला होता तोच, मागे रेलले की बारीक टक् असा आवाज करतो. पाय अजून हलत नाही. पावसाळा संपल्यावर, लाकूड वाळून आकसले की तो पुन्हा उघडून पाहायचा आहे. सुतारकाकांना तेव्हाच चहाला बोलावले आहे.